अंगठ्याखालची ओळ

आपण डॉक्टर व्हावं असं मला लहानपणापासून फार वाटे. एकदा झालेही. फोनवर. समोर पेशंट नाही, हातात कागद नाही, गॅसवर वरणाचा कुकर, खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल दाबलेला, आणि मी कुहीच्या माझ्या भाचसुनेला ठणकावून सांगितलं, "अगं, प्लेटलेट कमी दिसल्या म्हणजे कमी असतातच असं नाही. नळीत गोळा होतात त्या. काही नको आणू पोरीला नागपूरला." माझं शिक्षण गृहविज्ञानात बी.ए., तेही दुसऱ्या वर्गात. आत्मविश्वास मात्र एम.डी.चा.

सल्ला मी दिला आणि भोगला सहा वर्षांच्या सानूने. ते पुढे येईलच. पण आधी ज्यांच्याकडून ती अर्धी विद्या मी उचलून आणली होती, त्या डॉक्टर कुमुद गिरडकर कोण होत्या ते सांगते, कारण त्यांना विसरणं मला अजून जमलेलं नाही. प्रयत्न पुष्कळ केला.

रामदासपेठेत मोठमोठ्या दवाखान्यांच्या मागे एक बोळ आहे. तिथे तळमजल्यावर त्यांची रक्त तपासायची लॅब होती. तीन खोल्या. पुढच्या खोलीत एक लाकडी बाक, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणि खिडकीशी काचेच्या बरणीत लहान मुलांसाठी संत्रागोळ्या. टीव्ही नाही, पंखा कुरकुरणारा. एसी होता, पण तो मधल्या खोलीत, मशीनसाठी. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, गिरडकरबाई अंगात करड्या रंगाचा स्वेटर घालून बसलेल्या असत. उंच, वाळक्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. आणि तोच चष्मा त्या टेबलावर शोधायच्या. कोणी "कपाळावर आहे मॅडम" म्हटलं तर "मला माहीत आहे" म्हणायच्या आणि आणखी थोडा वेळ शोधायच्या.

मायक्रोस्कोपखालच्या स्लाइडला त्या 'काच' म्हणत. "काच पाहिल्याशिवाय माझी सही नाही," हे त्यांचं वाक्य बोळातल्या चहावाल्यालाही पाठ होतं. लहान मुलाचा रिपोर्ट असला आणि मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या, की बाई तो कागद बाजूला ठेवत, रक्ताचा थेंब काचेवर पसरवत, आणि आत जाऊन बसत. काच पाहताना त्या गुणगुणत. सूर बिलकूल नसे. बाहेर बाकावर आईबाप घामाघूम होऊन घड्याळ पाहत आणि आतून ते बेसूर गुणगुणणं येई. लोकांचा फार संताप व्हायचा. एकाने तर विचारलं, "मशीन एवढं महागाचं घेतलं ते काहून?" बाई म्हणाल्या, "ते मोजते. पाहत नाही."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या नातीपायी, मिहूपायी.

तेव्हा मी नवी आजी होते, आणि नवी आजी हा फार उपद्रवी प्राणी असतो. मिहू चार वर्षांची. डेंगूचे दिवस. पोरीला ताप आला. मुलाने घरी माणूस बोलावून रक्त दिलं आणि संध्याकाळी मोबाइलवर आकडा आला : प्लेटलेट बावीस हजार. पाहिजेत दीड लाखाच्या वर. घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारणा सुरू झाली. "आता किती?" "वाढला का?" माझ्या जावेने किवी सुचवलं, विहिणीने बकरीचं दूध, आणि मी? मी कोणालाही न सांगता शेजारच्या परसातून पपईची पानं तोडून, मिक्सरमधून काढून, वाटीभर हिरवा रस त्या पोरीच्या नरड्यात ओतला. ती भडाभडा ओकली. मी म्हटलं, ताप बाहेर पडतो आहे.

एका दवाखान्यात प्लेटलेट चढवायची तयारी सुरू झाली. पण तिथल्या मुलांच्या डॉक्टरला काहीतरी खटकत होतं. तो म्हणाला, "एकदा गिरडकर मॅडमकडून काच पाहून आणा."

आम्ही गेलो. मी, मुलगा, सून आणि मिहू. बाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"पेशंट कोण?"

"ही."

मिहू बाकावरून उड्या मारत होती. एक संत्रागोळी गालात, दुसरी मुठीत.

"ही? बावीस हजार? मोजे काढा तिचे."

बाईंनी टॉर्च घेऊन तिच्या नडग्या पाहिल्या, पोटऱ्या पाहिल्या, तोंड उघडायला लावून हिरड्या आणि टाळू पाहिला. नाकातून रक्त आलं का, शी काळी होते का, अंगावर न पडता-झडता निळे डाग उठतात का, सगळं विचारलं. सगळ्याला नाही.

"ओकते का?"

"हो," सून म्हणाली. "कालपासून."

"काय दिलं?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. शेवटी मला म्हणावंच लागलं, "पपईच्या पानांचा रस. थोडासा."

"तुमच्या घरी बकरी आहे का?"

"नाही."

"मग पाला काहून काढता? पोरगी तापाने नाही ओकत. तुमच्या वाटीने ओकून राहिली."

सून खिडकीकडे तोंड करून हसली. ते मी बरेच दिवस मनात ठेवलं होतं.

मग बाईंनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि प्लेटलेटच्या ओळीवर आपला अंगठा दाबून ठेवला. लांब, हाडकुळा अंगठा, नखाशी जांभळा डाग पडलेला, कसल्याशा रंगाचा.

"आता वाचा."

"काय?"

"अंगठ्याच्या वर जे आहे ते."

"मला काय कळतं त्यातलं?"

"भाजीवाल्याच्या काट्याकडे डोळे वटारून पाहता ना? तसंच. इकडे तिचा आकडा, तिकडे किती पाहिजे ते."

मी वाचलं. हिमोग्लोबिन ठीक. पांढऱ्या पेशी ठीक.

"हं," बाई म्हणाल्या. "लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. तिघी एकाच घरच्या. हाडाच्या आत जो मगज असतो ना, तिथं जन्मतात. एकीचंच बिनसलं असेल तर घर बहुतेक शाबूत असतं. तिघींचं बिनसलं असेल तर घरातच काहीतरी शिरलेलं असतं. म्हणून हा आकडा एकटा वाचायचा नाही. याच्यावर अंगठा ठेवायचा आणि आधी बाकीचं वाचायचं. कळलं?"

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्यांनी मिहूचं रक्त पुन्हा घेतलं, एका जांभळ्या टोपणाच्या आणि एका निळ्या टोपणाच्या नळीत, आणि आत गेल्या. गुणगुणणं सुरू झालं. थोड्या वेळाने मला हाक मारली, "या, पाहा." मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गुलाबी ठिपक्यांच्या मधे जांभळ्या कणांचे गठ्ठे.

"ही जांभळ्या टोपणाच्या नळीतली काच. त्या नळीत जे औषध असतं ते एखाद्याच्या रक्ताला मानवत नाही. प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला बुंदी मोजता येते, लाडू मोजता येत नाही. ते म्हणते, बुंदी कमी आहे. निळ्या टोपणाच्या नळीत पाहा, दोन लाखांच्या वर आहेत. घरी न्या तिला. तापाचं औषध द्या, पाणी पाजा. आणि ती वाटी फेका."

मी घरी आले ती जणू पदवी घेऊनच. दुसऱ्या दिवशी प्रतापनगरातल्या आमच्या अख्ख्या कॉलनीत संत्राबर्फी वाटली. आणि बर्फीबरोबर व्याख्यान. बुंदी आणि लाडवाची ती गोष्ट मी हातवारे करून सांगायची. भिशीत सांगितली, हळदी-कुंकवात सांगितली, एका बारशाला पाळण्याजवळ उभी राहून सांगितली. बाया तोंडात बोट घालत. कोणाकडे कोणाचं रक्त तपासलं की पहिला फोन मला. आणि गंमत अशी, की त्या गोष्टीतून अंगठा हळूहळू गळाला. लाडू रंगतदार होता ना. अंगठ्यात काय रंगत?

नंतर मी स्वतःची शुगर तपासायच्या निमित्ताने बाईंकडे जाऊन बसू लागले. त्यांनी कधी 'या' म्हटलं नाही, कधी 'जा' म्हटलं नाही. त्यांचा मुलगा परदेशी, नवरा कधीचा गेलेला. दुपारी त्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि झुणका टेबलाच्या कोपऱ्यावर खात आणि अर्धी भाकर न बोलता माझ्याकडे सरकवत.

वाईट रिपोर्ट त्या फोनवर कधीच सांगत नसत. माणसांना बोलावून घेत. त्यांना बाकावर बसवत आणि स्वतः उभ्या राहत. एरवी त्या कोणासाठी खुर्ची सोडत नसत, मोठा सर्जन आला तरी नाही. त्यामुळे बाई उठून उभ्या राहिल्या की बोळातल्या चहावाल्यालाही कळे, आज कोणाचं तरी काही खरं नाही.

एकदा इतवारीतला एक कापडवाला त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लालजांभळे ठिपके, जसं कोणी पेनाने टिंबं दिली आहेत. पंधरवड्यामागे सर्दी-खोकला होऊन गेलेला. पोरगा तसा खेळकर. बाईंनी अंगठा ठेवला, बाकीचं वाचलं, काच पाहून आल्या.

मी बाकावरूनच म्हटलं, "लाडू असतील हो."

"निमाबाई, तुम्ही गप्प बसा," बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "इथं लाडू नाही. ताटच रिकामं आहे."

मला राग आला. चारचौघांत बोलल्याचा राग. त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलंच नाही, कशा म्हणाल्या तेवढं ऐकलं. तरुणपणी मी अशीच होते, आणि पंचावन्नाव्या वर्षीही माझं तरुणपण संपलं नव्हतं.

त्या मुलाच्या प्लेटलेट खरोखरच आठ हजार होत्या. बापाने लगेच मोबाइल काढला, रक्तपेढीत कोणाची ओळख आहे ते पाहू लागला. "पिशव्या पाहिजे तेवढ्या आणतो मॅडम."

"ठेवा तो फोन. आणलेल्याही त्याचं शरीर खाऊन टाकेल. त्याच्या अंगातले शिपाई त्याच्याच प्लेटलेट चोर समजून मारून राहिले. बाकी घर चांगलं आहे, मी काच पाहिली. बहुतेक मुलांचं हे आपोआप सुधारतं. पण आत्ता, इथून निघून, सरळ मुलांच्या डॉक्टरकडे. औषध द्यायचं की नुसतं पाहायचं ते तो ठरवेल. सायकल बंद. झाडावर चढणं बंद. कमरेत सुई नको. दुखण्याची गोळी दुकानातून मनाने आणायची नाही. डोकं दुखतं म्हणाला, उलटी झाली, किंवा रक्त थांबेना, तर तिथल्या तिथे दवाखाना. वाट पाहायची नाही."

तो दांडगा माणूस हमसून रडू लागला.

"रडायचं असेल तर बाहेर," बाई म्हणाल्या. "इथं काचा आहेत."

तो बाहेर गेला. मागोमाग बाई गेल्या, आणि मी दारातून पाहिलं, त्यांनी एक संत्रागोळी मुलाला दिली आणि एक बापाला. तो मुलगा काही महिन्यांनी ठणठणीत झाला. त्याचा बाप नंतर लग्नाची पत्रिका द्यायला आला होता, कोणाच्या तरी. बाई गेल्या नाहीत.

तोवर त्यांच्याकडची गर्दी ओसरत चालली होती. रंगीत टी-शर्ट घातलेली पोरं घरी येऊन रक्त नेऊ लागली, तासाभरात मोबाइलवर रिपोर्ट. बाईंकडे बसून राहावं लागे. शिवाय बाई डॉक्टरांनाच फोन करून भांडत, "तुम्ही पोराला पाहिलं की नुसता कागद पाहिला?" कोणाला आवडणार? बोळातून रिक्षा यायच्या, पुढे निघून जायच्या. त्या स्वेटर घालून, चष्मा शोधत बसलेल्या.

अशात कुहीहून फोन आला. पुन्हा कुकरपाशी येते.

कुही माझं माहेर. भाऊ गेला, आता भाचा सुभाष धानाची शेती पाहतो. त्याची बायको रंजना. त्यांची एकुलती एक सानू. त्या घरात माझ्या शब्दाला फार मान. नागपूरची आत्याबाई म्हणजे शेवटचा शब्द.

"आत्याबाई, सानूले ताप येऊन राहिला," रंजना म्हणाली. "उतरते अन् पुन्हा येते. पाय दुखतात म्हणून रातभर रडते. इथं रक्त तपासलं. कागद हाये हातात."

"प्लेटलेट किती लिहिल्यात?"

तिने आकडा वाचला. चाळीस हजाराच्या आत होता.

"अगं, त्या गोळा होतात नळीत. आमच्या मिहूच्या किती होत्या माहीत आहे? बावीस! आणि दुसऱ्या दिवशी दोन लाख." आणि मी तिला बुंदीचा लाडू सांगितला. सगळा. हातवारेसुद्धा केले, मोबाइल खांद्याला लावून.

"मंग नागपूरले आणू का तिले? सानूच्या बापाले म्हणून राहिली मी, का न्याव लागते म्हणून. पण धानाचा रोवणा चालू हाये, लावणीले बाया मिळून नाही राहिल्या."

"रोवणा आटपू दे आधी. ताप आहे, जाईल."

"आत्याबाई, बाकीचंबी वाचू का? वर अजून लिवलं हाये. बाण काढले हायेत बाजूले."

कुकरची शिट्टी झाली. मी म्हणाले, "नको गं. बाकीचं राहू दे."

एवढंच. या शब्दांवर मी अजून उठते, बसते, झोपते.

रोवणा आटपला. मग एका सकाळी सानू उठली आणि आईला म्हणाली, माझ्या या डोळ्यापुढे लाल पदर आला आहे, काढ. ओढायला काही नव्हतंच. डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं.

सुभाष तिला घेऊन सरळ माझ्याकडे आला. तिला पाहिलं आणि माझ्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं. पोरगी कागदासारखी पांढरी. हिरड्यांतून रक्त. मानेजवळ गाठी. फोनवर यातलं काहीच दिसत नाही, दिसतं का? मी त्यांना गिरडकरबाईंकडे घेऊन गेले. दुसरीकडे कुठे जायचं ते मला सुचलंच नाही.

बाईंनी सानूचे पाय पाहिले, पोट दाबून पाहिलं, काही विचारलं नाही. रक्त घेतलं आणि आत गेल्या. गुणगुणणं सुरू झालं. आणि मधेच थांबलं.

त्या बाहेर आल्या. खुर्चीकडे गेल्या नाहीत. सुभाष आणि रंजनाला बाकावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"रक्ताचा कॅन्सर दिसून राहिला," बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, हळू. "लेकरांचा हा आजार पुष्कळ वेळा बरा होते. औषध लंबं चालते. पण आज भरती करा, आत्ता. मी डॉक्टरले फोन करते. याच्या आधी कुठं तपासलं होतं?"

रंजनाने पिशवीतून कुहीचा कागद काढला, घडी पडून मऊ झालेला. बाईंनी तारीख पाहिली.

"हा तेव्हाचा? मंग इतके दिवस?"

रंजनाने माझ्याकडे पाहिलं. आणि सुभाष, माझा भाचा, ज्याला मी लहानपणी कडेवर घेऊन धानाच्या बांध्यांतून फिरवलं, तो खाली पाहून म्हणाला, "रोवणा होता मॅडम. आमचीच चूक झाली."

तेव्हा मात्र मला बोलावंच लागलं. "मी नको म्हटलं होतं. फोनवर. मला वाटलं लाडू..."

बाईंनी तो मऊ कागद माझ्यासमोर धरला आणि प्लेटलेटच्या ओळीवर अंगठा दाबला. तोच अंगठा, तोच जांभळा डाग.

"वाचा."

मी वाचलं. हिमोग्लोबिन पाहिजे त्याच्या अर्धंसुद्धा नाही. पांढऱ्या पेशी पाहिजेत त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक आकड्याच्या बाजूला बाण. एक खाली, एक वर. कुहीच्या त्या लहानशा लॅबनेसुद्धा बाण काढून दिले होते.

"हे वाचायला चष्मा लागतो, डॉक्टरकी नाही लागत," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला घाबरू नका म्हटलं होतं. डॉक्टर व्हा, असं नव्हतं म्हटलं."

मग त्या फोन करायला वळल्या.

पुढची अडीच-तीन वर्षं सानू औषधांवर होती. तिचे केस गेले, आले, पुन्हा गेले. मी वॉर्डात डबे पोचवत असे. रंजना डबा घेई, "आत्याबाई, बसा" म्हणे, स्टूल देई. एका शब्दाने तिने कधी टोचलं नाही. शेवटी मलाच राहवेना. एके दिवशी जिन्यापाशी तिचा हात धरला आणि म्हटलं, "रंजना, बोल वं काहीतरी. शिव्या दे."

ती म्हणाली, "काय बोलू आत्याबाई? तुमी इकडं राहता. तुम्हाले ठाऊक असन, असं वाटलं."

यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवले असते.

सानू जगली. आजार गेला. त्या डोळ्याची नजर परत आली नाही. डोळ्याच्या डॉक्टरला मी विचारलं, आधी आणली असती तर? तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "कदाचित काही फरक पडला नसता." मग खरं बोलायची सवय असल्यामुळे पुढे म्हणाला, "कदाचित पडलाही असता." या दोन कदाचितांपैकी माझ्या वाट्याला कोणता ते मला माहीत आहे.

गिरडकरबाईंना मी शेवटची भेटले ती त्या लॅब बंद करत होत्या तेव्हा. त्यानंतर त्या मुलाकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या, ते मला चहावाल्याकडून कळलं. त्या दिवशी सानू माझ्यासोबत होती. नऊ वर्षांची, केस कानापर्यंत आलेले. तिचं नेहमीचं रक्त दवाखान्यात देऊन आम्ही निघालो होतो, आणि तिलाच त्या संत्रागोळ्यांची आठवण झाली.

मशीन गेलेलं होतं. त्यामुळे एसीही बंद, आणि बाई पहिल्यांदाच स्वेटरशिवाय. त्याशिवाय त्या फार लहान दिसत होत्या. काचांच्या लाकडी पेट्या दोरीने बांधून दाराशी ठेवलेल्या. टेबलावर फक्त त्यांचा जुना मायक्रोस्कोप, एकाच नळीचा, शिकत असतानाचा. बरणीच्या तळाशी दोनतीन गोळ्या चिकटून राहिल्या होत्या. त्या बाईंनी चमच्याने खरवडून सानूला दिल्या.

"पाहाचं हाये मले," सानू मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून म्हणाली.

बाईंनी एक काच काढून लावली. "ये. एक डोळा मिट आणि दुसरा इथं लाव."

सानूने चांगला डोळा लावला. "मले मिटाव नाही लागत," ती म्हणाली, अगदी सहज, गोळी चोखत.

बाईंनी तिच्या हनुवटीखाली हात धरून उंची नीट करून दिली आणि म्हणाल्या, "बरं आहे मग. याले एकच लागते. काय दिसते?"

"ठिपके."

"कसे? एकेक की चिकटलेले?"

"एकेक."

"चांगले आहेत मग."

मी कोपऱ्यात होते. मला जे व्हायचं ते झालं, पदर तोंडात कोंबला तरी आवाज झालाच. बाईंनी मान वर केली. मला वाटलं आता म्हणतील, रडायचं असेल तर बाहेर, इथं काचा आहेत. मी पेट्यांकडे पाहिलं आणि दाराकडे निघालेही. वाटलं होतं, आज शेवटचा दिवस आहे, आज तरी ही बाई एखादा बरा शब्द टाकेल. झालं ते झालं म्हणेल. एवढ्यासाठीच तर मी सानूच्या गोळ्यांचं निमित्त करून आले होते.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या :

"निमाबाई, तेव्हा लाडवाची गोष्ट सगळ्या कॉलनीला सांगत फिरलात ना? आता हीसुद्धा सांगत फिरा."